मी न सांगितलेली एक रात्र

शस्त्रक्रियेच्या नऊ दिवस आधी सर्जनबाईंनी मला समोर बसवून कागदावर पोटाची एक ढोबळ आकृती काढून दाखवली, आणि ती काढता काढता, बोलण्याच्या ओघात आल्यासारखे, सांगितले की शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र मी अतिदक्षता विभागात असेन, बहुधा व्हेंटिलेटरवर असेन, आणि त्यासाठीची खाट आधीच राखून ठेवलेली आहे. मी मान डोलावली. नवरा त्या वेळी बाहेर कुठलासा अर्ज भरत उभा होता. घरी आल्यावर मी आईला म्हटले, "सात-आठ तासांचं ऑपरेशन आहे, मग खोलीत आणतील." नवऱ्यालाही तेवढेच सांगितले, आणि धाकट्या बहिणीला फोनवर त्याहूनही कमी.

हे खोटे बोलणे होते असे तेव्हा वाटले नाही. निदान झाल्यापासून घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर माझा आजार दिसू लागला होता, आणि 'आयसीयू' या शब्दाने आईचे काय होईल ते मला ठाऊक होते. आपल्याकडे तो शब्द सहसा "हालवलंय" किंवा "ठेवलंय" या क्रियापदांसह, आवाज खाली आणूनच उच्चारला जातो. एका रात्रीचा प्रश्न आहे, त्या रात्री मी बेशुद्ध असणार आहे, तर मग आधीचे नऊ दिवस सगळ्यांनी का घाबरावे, असा माझा हिशेब होता. हिशेबात एक मोठी चूक होती. ती रात्र माझ्यापुरती नव्हतीच, कारण मला तिच्यातले काहीही आठवणार नव्हते. ती पूर्णपणे त्यांची रात्र होती.

आजार अंडाशयाचा कर्करोग, तिसऱ्या टप्प्यातला. वय सेहेचाळीस. पोट फुगते, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटते, लघवीला वारंवार जावे लागते, या तक्रारी मी जवळजवळ पाच महिने अपचनाच्या खात्यात टाकल्या होत्या, आणि या आजारात बहुतेक बायकांचे असेच होते असे नंतर कळले, कारण त्याची लक्षणे पोटाच्या रोजच्या कुरबुरींहून वेगळी दिसतच नाहीत. निदान झाले तेव्हा पोटातून चार लिटर पाणी काढावे लागले. आजार अंडाशयांपुरता न राहता पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे उदरावरणावर, दाणे पेरल्यासारखा पसरला होता. म्हणून आधी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधांच्या केमोच्या तीन फेऱ्या, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर पुन्हा तीन फेऱ्या असे ठरले. या शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट डोळ्यांना दिसणारा रोग शिल्लक ठेवायचा नाही हे असते. पुढच्या आयुष्याचा अंदाज ज्या गोष्टींवर बांधला जातो त्यांत, आत किती रोग उरला, ही सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक आहे. त्यामुळे सर्जन जिथे जिथे रोग दिसेल तिथे तिथे जातात. माझ्या बाबतीत गर्भाशय, दोन्ही अंडाशये आणि नलिका, आतड्यांवर पदरासारखा पसरलेला ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा, मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा एक तुकडा आणि छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावरचे, म्हणजे श्वासपटलावरचे, उजव्या बाजूचे अस्तर एवढे सगळे काढले गेले, आतड्याची दोन टोके पुन्हा जोडली गेली, आणि त्याला सात तास चाळीस मिनिटे लागली.

आता यानंतर अतिदक्षता विभाग का लागतो, हे मला कुणी सोप्या शब्दांत आधी सांगितले असते तर कदाचित मीही ते घरी सांगू शकले असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोटाचे अस्तर सोलून काढले की आतला पृष्ठभाग भाजलेल्या कातडीसारखा उघडा पडतो, आणि त्यातून प्रथिनांनी भरलेले पाणी तासनतास पाझरत राहते. हे पाणी सगळे शरीराबाहेर जात नाही, पण रक्तवाहिन्यांतही राहत नाही. मग रक्तदाब पडतो. तो उचलण्यासाठी सलाईन देत राहावे, तर त्यातले बरेचसे पुन्हा पेशींच्या फटींत जाऊन बसते, आतडी सुजतात आणि नुकताच घातलेला जोड धोक्यात येतो. सलाईन हात आखडून द्यावे, तर मूत्रपिंडे उपाशी राहतात. या दोन्हींमधली वाट फार अरुंद असते आणि ती तासातासाला सरकत असते. म्हणून मनगटाच्या धमनीत एक बारीक नळी ठेवून रक्तदाब ठोक्यागणिक वाचला जातो, मानेतल्या मोठ्या शिरेतून नॉरॲड्रेनालिनसारखे रक्तदाब चढवणारे औषध थेंबाच्याही अंशाने कमीजास्त केले जाते, आणि लघवी तासाला मिलिलिटरमध्ये मोजली जाते. शिवाय इतका वेळ पोट उघडे राहिल्याने शरीर गार पडते, आणि गार शरीरात रक्त नीट गोठत नाही. त्यामुळे रुग्णाला लगेच जागे करून स्वतःच्या श्वासावर सोडण्याऐवजी, अंग गरम होईपर्यंत, रक्तदाब स्थिरावेपर्यंत आणि रक्तातले लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारे द्रव्य, उतरेपर्यंत झोपेतच ठेवून श्वासाचे काम यंत्राकडे सोपवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. म्हणजे ही पहिली रात्र काही बिघडले म्हणून नव्हती, तर जे करायचे होते ते सगळे करून झाले होते म्हणून होती.

रात्री साडेआठ वाजता आई आणि नवरा दारात उभे होते तेव्हा त्यांना यातले काहीही माहीत नव्हते.

नवऱ्याने मला हे फार उशिरा, जवळजवळ दोन महिन्यांनी सांगितले. खोलीत माझी वाट बघत बसलेल्या त्या दोघांना निरोप आला की पेशंटला आयसीयूत घेतले आहे, दोघांनी येऊन बघून जावे. आई जिन्यातच एकदा थांबली. आत गेल्यावर त्यांना जी मी दिसले तिचा चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा झाला होता, तोंडातून एक जाड नळी बाहेर येऊन गालाला चिकटपट्टीने बांधली होती, नाकातून पोटात गेलेली दुसरी नळी होती, पोटाच्या दोन्ही बाजूंनी ड्रेन, म्हणजे आतले पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, बाहेर पडत होते, केमोने गेलेल्या केसांच्या जागी गरम हवेच्या चादरीचे टोक आले होते, आणि दोन्ही मनगटे मऊ पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला सैलसर बांधलेली होती. आईने बाकी सगळे पाहून घेतले, पण त्या पट्ट्या तिला पाहवेनात. "तिला बांधून का ठेवलंय?" एवढेच ती विचारत राहिली. रुग्ण अर्धवट जागा होताना पहिला हात तोंडातल्या नळीकडे जातो, आणि ती ओढली गेली तर घसा, स्वरयंत्र आणि श्वास सगळेच धोक्यात येते, हे उत्तर अगदी साधे होते, आणि तिथल्या सिस्टरने ते दिलेही. पण शस्त्रक्रिया फसली आहे आणि आपल्यापासून काही लपवले जात आहे अशी खात्री पटलेल्या माणसाला कारणे ऐकू येत नाहीत. लपवले गेले होते हे खरेच होते. फक्त लपवणारी व्यक्ती खाटेवर झोपलेली होती.

बहीण रात्री अकराला पोहोचली. ती बँकेत नोकरी करते आणि कुठलीही गोष्ट लिहून काढल्याशिवाय तिचा तिच्यावर विश्वास बसत नाही. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवून पाऊण तास सगळे पहिल्यापासून समजावले (या माणसाचे ऋण माझ्यावर आहे, आणि त्याला ते माहीतही नसेल), आणि तिने पर्समधल्या छोट्या वहीत ते लिहून घेतले. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळच्या भेटीच्या वेळी ती सिस्टरला विचारून आकडे उतरवू लागली. पहिल्या रात्रीचे पान माझ्यासमोर आहे. त्यावर लघवीचे आकडे आहेत, 11 वाजता 20, 12 वाजता 25, 1 वाजता 25, 2 वाजता 40, 3 वाजता 55, आणि 40 या आकड्याभोवती तिने गोल काढला आहे. वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी असा ढोबळ मापदंड असतो आणि माझे वजन साठ किलोच्या आसपास होते, म्हणजे 30 ही रेघ होती, हे तिला त्या डॉक्टरांनी सांगितले होते. माझ्या आयुष्यातल्या त्या रात्रीचा कणा म्हणजे हे पाच आकडे आहेत, आणि मला त्यातला एकही आठवत नाही. त्याच पानाच्या तळाशी आईचे वाक्य बहिणीने जसेच्या तसे टिपले आहे, "हात गरम आहे."

मला आठवते ती तहान. सकाळी गुंगीचे औषध थांबवून मला जागे केले, यंत्राची मदत कमी करून अर्धा तास स्वतःच्या श्वासावर ठेवून पाहिले, आणि या सगळ्या वेळात माझ्या मनात पाण्याशिवाय दुसरा विचार नव्हता. दुखत होते, पण पाठीत घातलेल्या एपिड्यूरल नळीमुळे ते लांबून दुखत होते. तहान मात्र जवळ होती. नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असल्यामुळे आवाज निघतच नाही. तोंड हलते आणि काहीच होत नाही. मी सिस्टरच्या तळहातावर बोटाने 'पाणी' असे लिहिले. तिने ते वाचले, पण पाणी दिले नाही, देता येणारच नव्हते. नळी निघाल्यावर तिने ओल्या स्पंजच्या काडीने माझ्या ओठांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हळूहळू फिरवले, आणि पुढचा सबंध दिवस दर थोड्या वेळाने ती तेच करत राहिली. अतिदक्षता विभागाबद्दल लिहिताना लोक यंत्रांबद्दल लिहितात. मला विचाराल तर त्या विभागाचे खरे सामर्थ्य, एका किंवा दोन रुग्णांमागे एक परिचारिका असते आणि तिला खाटेपासून दूर जावे लागत नाही, यात आहे.

ही व्यवस्था कुठून आली ते मी नंतर वाचले. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांपैकी बहुतेक मरत होते, आणि त्यांना जगवू शकणारी यंत्रे रुग्णालयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने तेव्हा शस्त्रक्रियागृहातली पद्धत वॉर्डात आणली. बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून त्याने हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला, आणि ती वाचली. त्यानंतर सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले, आणि पुढच्याच वर्षी इब्सेनने अशा सर्व रुग्णांसाठी एक स्वतंत्र विभाग उभा केला. म्हणजे मूळ कल्पना यंत्राची नव्हतीच, उशाशी बसलेल्या माणसाची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला वॉर्डात हलवले. नाकातली नळी निघाली, घोट घोट पाणी सुरू झाले, आणि त्या रात्री मला दरदरून घाम फुटला. अंगावरची चादर भिजली, तोंड तापले, दहा मिनिटांत सगळे ओसरले आणि तासाभराने पुन्हा तेच. आतड्याला जोड दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत असा घाम दुर्लक्षून चालत नाही, कारण जोड गळू लागल्याची ती सुरुवात असू शकते. त्यामुळे रक्ताच्या तपासण्या झाल्या, ताप पाहिला गेला आणि ताप नव्हताच. शेवटी एका वयस्क सिस्टरने माझ्याकडे पाहून विचारले, "पाळी चालू होती का हो ऑपरेशनच्या आधी?" केमोत ती अनियमित झाली होती, पण थांबली नव्हती. अंडाशये काढल्याबरोबर शरीर एका दिवसात रजोनिवृत्तीत ढकलले जाते. जे इतर बायकांच्या बाबतीत काही वर्षे रेंगाळत घडते ते माझ्या बाबतीत दोन दिवसांत घडत होते, आणि एवढ्या नळ्यांच्या गर्दीत तो घाम कुणाच्या खात्यात टाकावा हे आम्हा कुणालाच सुचले नव्हते.

अंडाशयाची गाठ काढण्याची पहिली यशस्वी नोंदवलेली शस्त्रक्रिया अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात डिसेंबर 1809 मध्ये एफ्रैम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांच्यावर केली. भूल नव्हती, ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून सदतीस वर्षे अवकाश होता. पंचवीस मिनिटांत सुमारे दहा किलोची गाठ बाहेर काढली गेली, आणि पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले तेव्हा बाई उठून स्वतःचे अंथरूण आवरत होत्या. त्यानंतर त्या बत्तीस वर्षे जगल्या. त्यांची गाठ बहुधा कर्करोगाची नव्हती आणि दोन शस्त्रक्रियांची तुलना होऊच शकत नाही, हे मला समजते. तरीही त्यांचा पाचवा दिवस माझ्या मनात रुतून बसला आहे, कारण माझ्या पाचव्या दिवशी मी पुन्हा अतिदक्षता विभागात गेले.

दुपारी फिजिओथेरपिस्ट आली होती. तीन चेंडूंच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढायचा होता. आदल्या दिवशी मी दोन चेंडू वर उचलले होते, त्या दिवशी पहिलाही पुरता उचलला गेला नाही. मला वाटले कंटाळा आला आहे. संध्याकाळपर्यंत मी मिनिटाला तीस श्वास घेत होते, नाडी 128 होती आणि बोटावरच्या चिमट्याने प्राणवायू 88 टक्के दाखवला. मग सगळ्या गोष्टी भराभर झाल्या. अशा वेळी डॉक्टरांच्या मनात दोन मोठ्या भीती असतात, एक पायाच्या शिरेतून सुटून फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीची, जिचा धोका कर्करोग आणि ओटीपोटाची मोठी शस्त्रक्रिया एकत्र आल्यावर खूपच वाढतो, आणि दुसरी आतड्याचा जोड गळण्याची. शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन झाले. गुठळी नव्हती, जोड शाबूत होता. उजव्या फुप्फुसाभोवती मात्र पाणी साठून ते फुप्फुस एका कोपऱ्यात दाबले गेले होते. श्वासपटलावरचे अस्तर ज्या बाजूचे काढले त्याच बाजूला हे होणे ओळखीचे आहे, असे मला सर्जनबाईंनी सांगितले. बरगड्यांच्या मधून नळी घातली गेली आणि पहिल्या दिवशी अकराशे मिलिलिटर पाणी बाहेर आले.

या वेळी मी जागी होते. पहिला प्रवेश ठरलेला होता, हा न ठरलेला. खाट तीच नव्हती, पण रांग तीच होती, आणि चाकांच्या खाटेवरून त्या दारातून आत जाताना वरचे दिवे एकामागून एक सरकत असताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पुन्हा नळी घालणार का, एवढेच मी विचारत होते. नाकातून जोराने, गरम आणि दमट प्राणवायू सोडणाऱ्या यंत्रावर भागेल असे वाटते, पण नाही भागले तर घालावी लागेल, असे स्पष्ट उत्तर मिळाले, आणि त्या 'पण'मुळे मला उलट बरे वाटले. नवरा शेजारून चालत होता. त्याला मी म्हटले, "आईला आत्ता फोन कर. नळीचं पण सांग. घालावी लागेल कदाचित, हेसुद्धा सांग." बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून हे तीन तुकड्यांत सांगावे लागले.

व्हेंटिलेटर लागला नाही. पण दुसऱ्या रात्रीपासून मी भ्रमिष्ट झाले. त्याला डिलिरियम म्हणतात, अतिदक्षता विभागात ते पुष्कळांना होते, आणि ते होत असताना आपल्याला ते होते आहे हे कळत नाही. मी एका रेल्वे फलाटावर होते. अंधार नव्हता आणि उजेडही नव्हता. माझ्या बोटाला लावलेला प्राणवायूचा चिमटा हे माझे तिकीट होते आणि आजूबाजूला फिरणाऱ्या माणसांचा ते काढून घेण्याचा डाव होता, म्हणून मी हात पांघरुणाखाली मुठीत लपवून ठेवत असे. मूठ वळली की चिमटा निसटे, यंत्र कर्कश ओरडू लागे, आणि माझ्या लेखी माझी गाडी सुटलेली असे. मग मी रडत असे. सिस्टर येऊन चिमटा पुन्हा लावी, म्हणजे तिकीट परत मिळे. एका रात्रीत हे कितीदा झाले असेल कोण जाणे. सकाळी डॉक्टरांनी माझ्या हातात त्यांची दोन बोटे दिली आणि काही अक्षरे ओळीने म्हणताना एक विशिष्ट अक्षर आले की बोटे दाबायला सांगितले. मी प्रत्येक अक्षराला दाबली. आपण फार हुशारीने उत्तरे देत आहोत असे मला मनापासून वाटत होते.

या भ्रमावर एक गुणकारी गोळी नाही. वेदना आटोक्यात ठेवणे, झोप आणणारी आणि अफूच्या वर्गातली औषधे शक्य तितकी उतरवणे, रात्री दिवे मंद करून खरोखर झोपू देणे, दिवसा खिडकीकडे तोंड करून बसवणे, घड्याळ दिसेल असे ठेवणे, ओळखीचे आवाज ऐकवणे, अशा बारीकसारीक गोष्टींनीच ते उतरते. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती बहिणीच्या लक्षात आली. माझा चष्मा वॉर्डातल्या कपाटात राहिला होता. मला साडेपाच नंबर आहे. चष्म्याशिवाय समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे एक फिकट डाग असतो, आणि मी दोन दिवस अशा डागांच्या गर्दीत पडून होते. तिने चष्मा आणून माझ्या कानांवर चढवला. फलाट लगेच नाहीसा झाला असे म्हणणार नाही, पण समोर भिंतीवरचे घड्याळ आले, त्यात सव्वाअकरा वाजले होते, आणि बहिणीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. "ताई, मी कोण?" तिने विचारले. मी तिचे नाव सांगितले. ती वही उघडून खाली मान घालून लिहू लागली, आणि बराच वेळ मान वर करेना.

आठव्या दिवशी मी पुन्हा वॉर्डात आले, दहाव्या दिवशी छातीतली नळी निघाली आणि चौदाव्या दिवशी घरी. गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिनची इंजेक्शने शस्त्रक्रियेपासून एकूण 28 दिवस घ्यायची होती. उरलेली नवऱ्याने शिकून घेऊन घरी दिली, आणि पहिल्या दिवशी त्याचाच हात माझ्यापेक्षा अधिक थरथरत होता. पॅथॉलॉजीचा अहवाल आला, डोळ्यांना दिसणारा रोग उरला नाही असे सर्जनबाईंच्या नोंदीतही होते, सहाव्या आठवड्यात केमो पुन्हा सुरू झाली. हे सगळे भराभर सांगून टाकते, कारण खरोखर ते भराभर गेले.

गेले नाही ते वेगळेच. मांडीचे स्नायू इतके आटले होते की कमोडवरून उठताना भिंत धरावी लागे. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह वाजला की माझी मूठ आपोआप वळे. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागे. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्यांच्या शरीरात, विचारशक्तीत आणि मनात रेंगाळणाऱ्या या त्रासांना डॉक्टरांनी एक एकत्रित नाव दिले आहे, हे मला केमोच्या पाचव्या फेरीच्या वेळी कळले, तोपर्यंत मी सगळ्याचा दोष केमोला देत होते. स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांतल्या परिचारिका अशा रुग्णांसाठी खाटेशी रोजनिशी ठेवत आल्या आहेत आणि रुग्ण सावरल्यावर ती त्याला वाचायला देतात, म्हणजे त्याच्या भ्रमातल्या गोष्टींना खऱ्या घटनांची जोड मिळते, हेही तेव्हाच वाचले. माझ्या बहिणीने यातले काही वाचलेले नव्हते. तिला फक्त लिहून काढायची सवय होती.

वही मी दोन महिने उघडली नव्हती. उघडली त्या दुपारी आई शेजारी बसून होती. मी पहिले पान मोठ्याने वाचले आणि मग तिला सांगितले की ही रात्र मला आधीपासून माहीत होती, खाट राखून ठेवली होती, नळीचेही सांगितले होते, मीच घरी बोलले नाही. मला वाटले होते ती रागावेल. ती बराच वेळ त्या 40 भोवतीच्या गोलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्या रात्री सगळं ठरल्यासारखंच चाललं होतं?" मी हो म्हटले. "आणि मी देवाला काय काय कबूल करून बसले होते," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघीही हसलो. हसताना टाके दुखले नाहीत हे माझ्या लक्षात आले.

सर्जनबाईंना मी पुढच्या भेटीत एवढेच सुचवले की पहिल्या रात्रीबद्दलचे बोलणे रुग्णासोबत येणाऱ्या माणसाला खोलीत बोलावूनच करावे, कारण घाबरलेल्या रुग्णाला निरोप्या केले तर तो निरोप वाटेत गाळतो. त्यांनी ते मनावर घेतले असे त्यांच्या चेहऱ्यावरून तरी वाटले. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते, रक्तात सीए-125 हे या आजाराचा माग देणारे प्रथिन पाहिले जाते, आणि निकाल येईपर्यंतचे दोन दिवस घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. आईला तारीख सांगितली आहे.